कानांगोळीची तान

आमच्या घरामागं एक कुट्टै आहे. कुट्टै म्हणजे डबकं. पण तिला डबकं म्हटलेलं मामंजींना खपत नाही. मामंजी म्हणजे माझे सासरे. आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. नोकरीतला सगळा जन्म गुडघाभर चिखलात उभं राहून गेल्यामुळं ज्या जागी चिखल नाही ती जागा त्यांना अर्धवट बांधलेली वाटते. कुंभकोणमच्या कडेला, तिरुनागेश्वरम्‌च्या रस्त्याला लागण्याआधी आमची आळी संपते, तिथं शेवटचं घर आमचं. मागं कुट्टै, कुट्टैच्या तीन बाजूंना माणसाच्या छातीइतका अळू, एका बाजूला केवड्याचं बन, आणि त्या अळवात कानांगोळी.

कानांगोळी हे तिचं तमिळ नाव. मराठीत तिला पांढऱ्या छातीची पाणकोंबडी म्हणतात, हे मला अलीकडं कळलं. वरून पाटीसारखी काळसर, तोंडापासून पोटापर्यंत पांढरीशुभ्र, आणि शेपटीखाली विटकरी. चालताना दर पावलाला ती शेपूट झटकते, त्यामुळं ते विटकरी सगळ्यांना दिसतं. काळा कोट घालून कोर्टात उशिरा पोचलेला आणि अशील कुठं बसलाय ते शोधणारा वकील जसा चालतो, तशी ती अळवाच्या काठानं चालते. माणूस दिसलं की उडत नाही, पळते. उडायची वेळ आलीच तर पाय लोंबते ठेवून, कुणीतरी फेकून दिल्यासारखी उडते.

दिसायला अशी नेटकी. पण आवाज? आषाढात कावेरीचं पाणी पाटाला आलं, पाटातून कुट्टैत आलं, की नर-मादी अळवात घरटं धरतात आणि तेव्हापासून दोघं मिळून ओरडतात. आधी घशात पाणी धरून कुणी भांडतंय असं ‘क्र्र-क्वाक, क्र्र-क्वाक’, मग मध्येच एखादी घोगरी डरकाळी, आणि शेवटी एकाच सुरात ‘कुक्‌, कुक्‌, कुक्‌’, ते पाव तासही चालतं. पहाटे, सांजेला, आणि आभाळ भरलेलं असलं तर दिवसभर. नवे पाहुणे आले की हमखास पुसतात, घरात कुणी आजारी आहे का.

अंडी घातल्याचा मामंजींना संशय आला की घरात नियम लागू होतात. मागचं दार उघडायचं नाही. धुणं गच्चीवर. प्रेशर कुकर पुढच्या खोलीत, कारण शिट्टीनं मादी दचकते. माझ्या यजमानांनी मागच्या बोळातून स्कूटर आणायची नाही. नर आणि मादी दोघं पाळीपाळीनं अंड्यांवर बसतात. जवळजवळ तीन आठवडे असं चालतं, आणि तितके दिवस मामंजी त्यांची पाळी बदलताना माडीच्या खिडकीतून पाहतात आणि जेवताना आम्हाला सांगतात. “आज बापानं वेळेवर हजेरी लावली,” असं. यजमानांच्या हजेरीविषयी ते कधी बोलत नाहीत.

मी गाणं शिकवते. पूर्वी आळीतल्या मुली घरी यायच्या. आता निम्म्या शिष्या फोनवर. आमच्या गोविंदपुरम्‌च्या बाजूला विठोबाची पदं गायची जी दक्षिणी रीत आहे, ती शिकायला लांबलांबून लोक येतात. त्यांतल्याच एक पुण्याच्या बाई. दातांच्या डॉक्टर. वय माझ्याइतकंच, आवाज स्वच्छ, आणि चिकाटी अशी की एकच ओळ घासून घासून आरसा करायच्या. मला त्या अक्का म्हणायच्या.

अडचण एकच होती. आमची मराठी. तंजावरकडची ही भाषा आमच्या पूर्वजांनी बरोबर आणली तेव्हा ती नवी होती, मग तिकडं ती बदलली आणि इकडं आम्हाला कुणी कळवलंच नाही. त्यात तमिळ मिसळली. मी ‘पुसते’ म्हटलं की बाईंना मी फरशी पुसतेय असं वाटायचं. ‘अस्कं म्हणा’ म्हटलं तर अस्कं हा राग आहे का, असं त्या एकदा विचारत होत्या. अस्कं म्हणजे सगळं. मग त्या ओशाळल्या आणि त्यांनी ठरवून टाकलं की प्रत्येक शब्दाला अडून गुरूला त्रास द्यायचा नाही, संदर्भानं समजून घ्यायचं. हे त्यांनी मला पुढं सांगितलं. तेव्हा मला ठाऊक असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

आमचा तास सांजेला असायचा. त्या दवाखाना बंद करून बसायच्या. मी मागच्या खोलीत, खिडकीशी. फोन पाटावर असा ठेवायची की माझा ताल धरणारा हात दिसावा. तोंड पाहून गाणं शिकणाऱ्यांचं लक्ष भलतीकडं जातं असं माझं मत आहे. खिडकीबाहेर चार हातांवर अळू.

पाणी आलं त्या आठवड्यात मी एक पद सुरू केलं. पहिली ओळ म्हटली, षड्जावर थांबले, आणि बाहेर ‘क्र्र-क्वाक, क्र्र-क्वाक’ सुरू झालं. मी थांबून राहिले. दुसरं करणार काय? सगळं संपल्यावर बाईंनी फार अदबीनं विचारलं, “अक्का, हे शेवटचं काय होतं?”

“ती कानांगोळी,” मी म्हटलं. “आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहे.”

“अच्छा. आणि सगळ्यांना येते?”

मला वाटलं, सगळ्यांच्या घरी येते का असं पुसताहेत. मी म्हटलं, “नाही हो. जिथं पाणी आहे तिथंच. पहाटे आणि सांजेला उत्तम.”

त्यांनी नुसता हुंकार दिला. पुढं त्यांनी विषय काढला नाही. पक्षी ओरडू लागला की मी ताल थांबवायची आणि संपायची वाट पाहायची. पडद्यावर पाहावं तर त्या मान खाली घालून डोळे मिटून बसलेल्या. किती समजूतदार बाई आहे, असं मला वाटायचं. कधीकधी त्यांनी ओळ म्हटली की लगेच ‘क्र्र-क्वाक’ ऐकू यायचं. खिडकी माझ्या कानाशी, पक्षी खिडकीशी. ते पुण्याहून येत असेल असं माझ्याच काय, कुणाच्या मनात आलं असतं?

असे दोन-अडीच महिने गेले. तेवढ्यात अंडी फुटली, पिल्लं बाहेर पडली. कोळशाच्या गोळ्यांना पाय फुटावेत तशी काळी कुळकुळीत पिल्लं. घरट्यात फार थांबत नाहीत, लगेच आईबापांच्या मागं चालू लागतात. मामंजींनी त्या दिवशी आम्हाला केसरी, म्हणजे रव्याचा शिरा, करायला लावली. नियम मात्र सैल केले नाहीत, उलट वाढवले, कारण आता मांजरं.

पुरट्टासी महिन्यात, गणपतीनंतर, बाईंचा निरोप आला की त्या आणि त्यांचे यजमान चार दिवस कुंभकोणमला येताहेत. देवळं पाहायची, गोविंदपुरम्‌ला दर्शन घ्यायचं आणि एक दिवस माझ्यासमोर बसून गायचं. मला आनंद झाला. समोर बसून मी त्यांना कधी ऐकलंच नव्हतं.

आले, आमच्याकडंच उतरले. बाई ठेंगण्या, चष्मा, पायांत पळायचे बूट. त्यांचे यजमान उंच, अबोल, बँकेतून निवृत्त. मी आंबट भाजी आणि डांगर पचडी केली होती. आमच्या यजमानांनी आग्रह केला, “अस्कं खायचं, उष्टं नको,” आणि बाई आपल्या यजमानांकडं वळून म्हणाल्या, “सगळं.” मला बरं वाटलं. आपली भाषा पुण्यात एका माणसाला तरी कळते.

जेवणं झाली, थोडं पडून झालं, आभाळ भरून आलं होतं. कॉफी घेऊन सगळे मागच्या खोलीत जमले. मामंजी खुर्चीत, कॉफीचा डवरा-टंबलर हातात. बाई सतरंजीवर बसल्या, तंबोऱ्याच्या पेटीचा सूर लावला, मला नमस्कार केला, मामंजींना केला आणि ते पद सुरू केलं. पहिली ओळ इतकी सुरेख आली की माझ्या अंगावर काटा आला. त्या षड्जावर थांबल्या. मग त्यांनी हनुवटी छातीला टेकवली, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि ‘क्र्र-क्वाक, क्र्र-क्वाक, क्र्र-क्वाक’ केलं.

मी ताल सोडला. आमच्या यजमानांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाईंचा आवाज वर चढला, मध्ये ती घोगरी डरकाळी आली, अगदी जागच्या जागी, आणि शेवटी त्या एका सुरावर स्थिर होऊन ‘कुक्‌, कुक्‌, कुक्‌’ करत राहिल्या. डोळे मिटलेले. कपाळावर घाम. त्यांचे यजमान शेजारी बसून मांडीवर बोटांनी हलका ठेका धरत होते, म्हणजे घरी रोज धरत असणार.

पोटातून हसू वर येत होतं ते मी पदराच्या टोकानं तोंडातच अडवलं. बाईंनी डोळे उघडले आणि परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारख्या माझ्याकडं पाहू लागल्या.

बोलले मामंजी. त्यांनी टंबलर खाली ठेवला होता. चेहरा गंभीर.

“दुसरा क्वाक जरा खालून घ्या,” ते म्हणाले. “तुमचा वरून पडतो. बाकी बेस आहे.”

बाईंनी मान डोलावली आणि तो दुसरा क्वाक खालून घेतला.

आणि अळवातून उत्तर आलं.

उत्तर म्हणजे काय, तिथं आगच लागली. नर ओरडला, मागोमाग मादी, दोघं एकमेकांवर चढाओढीनं. मामंजींनी नंतर समजावून सांगितलं की ही कोंबडी आपली हद्द फार कडक सांभाळते. घरात दुसरी जोडी शिरली असं तिला वाटलं असणार. पण त्या घडीला समजावायला वेळ कुणाला होता? अळू हलला. त्यातून तो नर बाहेर आला, मान उंच, शेपूट दर पावलाला खालीवर, आणि एरवी माणूस दिसताच पळणारा तो पक्षी तरातरा चालत आमच्या मागच्या पायरीपर्यंत आला. खिडकीच्या गजांखाली उभा राहिला. वर बाईंकडं पाहिलं. चोच उघडली आणि आमच्या सगळ्यांच्या समोर ‘क्र्र-क्वाक, क्र्र-क्वाक’ केलं. दुसरा क्वाक खालून.

खोलीत तंबोऱ्याची पेटी तेवढी वाजत होती.

“अक्का,” बाई हळू म्हणाल्या, “ही कोण?”

“ती कानांगोळी.”

“कानांगोळी म्हणजे कोंबडी?”

“पाणकोंबडी,” मामंजी म्हणाले.

बाईंनी पेटी बंद केली. मग एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. त्यांना वाटलं होतं, कानांगोळी हा तंजावर दरबाराचा एखादा जुना गायनप्रकार आहे, पिढ्यान्‌पिढ्या घरातच राहिलेला. सगळ्यांना येत नाही, ज्याच्या अंगात पाणी आहे त्यालाच येतो, असं खुद्द गुरूनं सांगितलेलं. पहाटे आणि सांजेला उत्तम, म्हणून त्या रोज पहाटे उठून गॅलरीत रियाज करत होत्या. घसा बसला, मधाचे चमचे झाले. सोसायटीच्या वॉचमननं दोनदा येऊन विचारलं, ताई बरं आहे ना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आपल्या पाइपांत हवा अडकते आहे असं समजून प्लंबर आणला आणि त्या प्लंबरनं न्हाणीघराची निम्मी फरशी उकरली.

“तेव्हा मी हिला म्हटलं होतं,” त्यांचे यजमान पहिल्यांदाच सविस्तर बोलले, “की अक्कांना एकदा विचारून घे. तर ही म्हणाली, परंपरेला विचारायचं नसतं.”

“आणि गणपतीत,” बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

“गणपतीत काय?” मी पुसलं.

गणपतीत सोसायटीच्या मांडवात त्यांचं गाणं झालं होतं. तीन पदं, तिन्ही कानांगोळीसह. आधी त्यांनी लोकांना माहितीही सांगितली होती, की आता तुम्ही जे ऐकाल ते दुर्मीळ आहे. गाणं संपल्यावर पहिल्या रांगेतले एक वयस्क जाणकार उठून आले आणि म्हणाले की हे आपण लहानपणी एकदा ऐकलं होतं, त्यानंतर आज. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“ते खोटं बोलत नसतील,” मामंजी म्हणाले. “लहानपणी त्यांच्या घरामागं कुट्टै असेल.”

तिथं मात्र माझा पदर सुटला. मी हसायला लागले ते भिंतीला टेकून बसले. आमचे यजमान खिडकीचे गज धरून हसत होते. मला भीती होती बाईंना काय वाटेल याची. पण त्या आधी चष्मा काढून पुसू लागल्या, मग त्यांचे खांदे हलू लागले आणि मग त्या सतरंजीवर आडव्याच झाल्या. एवढ्या आवाजानं नर पाय लोंबकळवत अळवात परत गेला. न हसलेले एकटे मामंजी. त्यांनी आमचं आटपेपर्यंत वाट पाहिली आणि मग बाईंना विचारलं, ती मधली डरकाळी तुम्ही घशाच्या कुठल्या भागातून काढता. त्यांनी स्वतः चाळीस-पन्नास वर्षं प्रयत्न केला होता म्हणे, त्यांना ती कधी जमली नव्हती. हे आम्हालाही नवीन होतं.

बाई दातांच्या डॉक्टर. त्या उठून बसल्या आणि टाळू, पडजीभ, जिभेचं मूळ असं समजावू लागल्या. संध्याकाळपर्यंत ते दोघं मागच्या पायरीवर बसून होते. मागचं दार उघडलं होतं, नियम मोडला होता, आणि तो मामंजींनीच मोडला होता.

त्या चार दिवसांत बाईंना आमच्या घरात खाली गाता आलं नाही. त्यांनी साधा ‘सा’ लावला तरी नर पायरीवर हजर. दुसऱ्या दिवशी तर तो भितरी आला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत, आणि पुढच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली तेव्हा पळाला. मग आम्ही गाणं माडीवर नेलं, खिडक्या लावून.

तिसऱ्या दिवशी गोविंदपुरम्‌ला गेलो. विठोबा-रखुमाईचं दर्शन झालं. मंडपात भजन चाललं होतं. मी ओळखीची, म्हणून बाईंना एक पद म्हणायला सांगितलं गेलं. त्या माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या की इतक्या महिन्यांची सवय आहे, षड्जावर थांबलं की घसा आपोआप वळतो, काय करू. मी सांगितलं, थांबूच नका, पुढची ओळ धरा. त्यांनी तसं केलं. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीला मृदंगवाल्यानं सन्मानानं ठेका थांबवून जागा सोडली, बाईंना थांबणं भाग पडलं आणि एक अगदी लहानसा, दबका ‘क्वाक’ निसटला. एकच. झांजा वाजवणाऱ्यांपैकी एका म्हाताऱ्यानं मान वळवून बाहेरच्या शेताकडं पाहिलं आणि शेजाऱ्याला तमिळमध्ये म्हणाला, “पाणी चढतंय वाटतं.” भजन पुढं चालू राहिलं. मामंजी खांबाला टेकून बसले होते, ते माझ्याकडं पाहून म्हणाले, “खालून घेतला.” त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता.

निघायच्या दिवशी सकाळी बाई लवकर उठून माडीच्या खिडकीत मामंजींच्या शेजारी उभ्या राहिल्या. मीही कॉफी घेऊन वर गेले. रात्री पाऊस पडून गेला होता. अळवाच्या पानांवर पाण्याचे मणी. मादी काठावर आली, इकडंतिकडं पाहिलं, शेपूट झटकली, आणि तिच्या मागून ती काळी पिल्लं एकामागून एक, केवड्याच्या बनाकडं. शेवटचं पिल्लू मध्येच थांबून एका गोगलगायीशी झटापट करत राहिलं. मादी परत आली, गोगलगाय उचलली, फोडून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं खाल्ली आणि पळालं. बाई कॉफी गार होईपर्यंत तिथंच उभ्या होत्या.

आता आमचा तास दुपारी असतो, पक्षी झोपाळलेला असतो तेव्हा. तास संपला की बाई म्हणतात, काकांना द्या. मी फोन घेऊन माडीवर जाते. पुण्यात नदीच्या काठी त्या आता पहाटे दुर्बीण घेऊन फिरतात, यजमानांना बरोबर घेऊन. तिकडंही कानांगोळी आहे, पुलाखालच्या गवतात, इतकी वर्षं त्यांना ती ऐकूच आली नव्हती. काय पाहिलं ते त्या सांगतात, मामंजी शंका काढतात, त्या बाजू मांडतात. मग दोघं थोडा वेळ ओरडतात. कालचा विषय असा होता की मादीचा आवाज नराहून वेगळा ओळखता येतो की नाही, आणि त्यात त्यांचं कडाक्याचं वाजलं. माझ्या पुढच्या शिष्येचे तीन फोन येऊन गेले. मी दारात उभी होते, हात पुढं करून, आणि मामंजी मला डोळ्यांनी थांब म्हणत होते.